प्राथमिक स्तरावरील कौशल्यवृद्धी आणि आत्मविश्वास

‘मला हे येत नाही’ हे वाक्य प्राथमिक शाळेच्या वर्गात रोज ऐकू येते. ‘घाबरू नकोस, तुला येईल’ हे त्यावरील ठरलेले उत्तर. त्यामागील सदिच्छेविषयी शंका नाही. परंतु आधी आत्मविश्वास आणि मग कौशल्य, असा जो क्रम या उत्तरात गृहीत धरलेला असतो, तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. बावन्नमधून सत्तावीस वजा करताना अनेक मुले पस्तीस हे उत्तर लिहितात. दोनमधून सात जात नाहीत, म्हणून ती सातमधून दोन वजा करतात. येथे मूल निष्काळजी नसते. मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, हा नियम ते प्रामाणिकपणे पाळत असते. अशा मुलाला ‘तू हुशार आहेस’ असे कितीही वेळा सांगितले, तरी उत्तर चुकतच राहते आणि त्या शब्दांवरचा त्याचा विश्वास उडतो. याउलट काड्यांचा एक गठ्ठा सोडून दहा सुट्ट्या काड्या त्याच्या हाती दिल्या, की हातचा म्हणजे काय ते त्याला दिसते. पुढचे उदाहरण ते न विचारता सोडवू पाहते. आत्मविश्वासाचा उगम तेथे आहे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्व-क्षमतेच्या जाणिवेविषयीचा आपला सिद्धान्त मांडला. या जाणिवेचे चार स्रोत त्यांनी सांगितले : स्वतः मिळवलेले यश, इतरांचे यश पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांपैकी पहिला स्रोत त्यांनी सर्वांत प्रभावी मानला. आपल्याकडे मात्र सर्वाधिक भर तिसऱ्यावर असतो, कदाचित तो सर्वांत स्वस्त आहे म्हणून.

बांडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोगही वजाबाकीचाच होता. वजाबाकीत फार मागे पडलेल्या मुलांना स्वतः वाचून सोडवायची बेचाळीस पानांची पाठमाला देण्यात आली. (स्वयं-अध्ययनाच्या पुस्तिकांवर शिकणाऱ्या आपल्याला हा तपशील परका वाटू नये.) काही मुलांना प्रत्येक बैठकीत सहा पानांचे उद्दिष्ट सुचवले, तर काहींना सात बैठकींच्या अखेरीस सर्व बेचाळीस पाने संपवण्याचे. काम तेवढेच होते. परंतु जवळचे उद्दिष्ट असलेल्या मुलांचे कौशल्य, आत्मविश्वास आणि गणितातील रस हे तिन्ही वाढले. दूरच्या उद्दिष्टाचा तसा परिणाम आढळला नाही. आणखी महत्त्वाचे म्हणजे, आपल्याला कितपत येते याविषयीचा पहिल्या गटाचा अंदाज प्रत्यक्ष कामगिरीशी अधिक जुळला. त्यांचा विश्वास फुगवलेला नव्हता.

मराठी वाचनातही हेच घडते. ‘घर’, ‘कमळ’ सहज वाचणारे मूल ‘पुस्तक’पाशी अडखळते. संपूर्ण धडा वाचून दाखवण्याची सक्ती केल्यास ते पाठ करून वाचल्याचा देखावा करते. आठवडाभर केवळ ‘स्त’ची ओळख झाली, तर ‘रस्ता’, ‘वस्ती’, ‘दोस्त’ हे शब्द त्याला कोणी न शिकवता उलगडतात. मात्र उद्दिष्ट जवळचे असावे, फुकाचे नसावे. न धडपडता मिळालेले यश मुलाला काहीच सांगत नाही, हे मुले मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात.

शालेय वयातील मध्यवर्ती संघर्ष उद्यमशीलता आणि न्यूनता यांच्यातील असतो, असे एरिक एरिक्सन यांनी १९५० च्या ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या ग्रंथात मांडले. पस्तीस हे उत्तर लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर केवळ लाल फुली उमटत राहिली, तर वजाबाकी येत नाही एवढ्यावर ते थांबत नाही; आपण ‘ढ’ आहोत, असा निष्कर्ष ते काढते. त्याच वहीतील महिन्यापूर्वीचे पान आजच्या पानाशेजारी ठेवून दाखवणाऱ्या शिक्षकाला फारसे बोलावे लागत नाही.