इन्शुलिन आणि अधिवृक्क ग्रंथि

एकादशीचा दिवस. साताऱ्यांतील एखादे मधुमेही गृहस्थ नेहमींप्रमाणें सकाळीं इन्शुलिन टोंचून घेतात, उपास म्हणून पोटांत फारसें कांहीं घालीत नाहींत आणि अजिंक्यताऱ्याच्या चढणीस लागतात. अर्ध्या वाटेवर हात कांपूं लागतात, कपाळावर थंड घाम येतो, छाती धडधडते. सोबतचे म्हणतात, ‘चढ सोसला नाहीं.’ वस्तुतः त्या वेळीं त्यांच्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन लहानशा ग्रंथि धोक्याची हांक देत असतात.

या अधिवृक्क ग्रंथि. प्रत्येकीचें वजन जेमतेम ४-५ ग्रॅम. पण गाभ्यांतून ॲड्रेनलिन आणि बाहेरच्या सालींतून कॉर्टिसॉल अशीं दोन प्रबळ द्रव्यें त्या रक्तांत सोडतात. इन्शुलिन या ग्रंथींना डिवचतें, अशी समजूत होणें साहजिक आहे. परंतु खरी डिवचणारी ती साखरेची घट. शिरेवाटे ग्लुकोज देऊन रक्तांतील साखर राखली, तर तेंच इन्शुलिन दिलें असतांहि ॲड्रेनलिनची ती उसळी येत नाहीं.

टोरांटो येथें १९२१ सालीं इन्शुलिनचा शोध लागला, आणि १९२४ सालींच हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन व त्यांचे सहकारी यांनीं मांजरांवरील प्रयोगांत ही गोष्ट दाखविली. हृदयाचे मज्जातंतू तोडलेले असतांहि साखर उतरतांच तें जलद चालूं लागे; अर्थात् चेतना रक्तांतूनच येत होती.

साखर १०० मिलिलिटर रक्तामागें ७० मिलिग्रॅमच्या आसपास उतरली कीं मेंदूला चाहूल लागते. एक निरोप मज्जातंतूंवाटे गाभ्याकडे जातो. ॲड्रेनलिन सुटतें, यकृत आपला साठा मोकळा करतें. दुसरा निरोप मेंदूतळच्या पोषग्रंथीमार्फत सालीकडे जातो. कॉर्टिसॉल सावकाश येतें, पण पुष्कळ वेळ टिकतें. अधिवृक्काची ताकद अजमावण्यासाठीं डॉक्टर कधीं कधीं आपल्या देखरेखीखालीं मुद्दाम इन्शुलिन देऊन साखर ४० च्या खालीं उतरवितात, व कॉर्टिसॉल वाढतें कीं नाहीं तें पाहतात. घरीं करून पाहण्याचा हा प्रकार अर्थातच नव्हे.

मात्र ही हांक जन्मभर पुरतेच असें नाहीं. साखर वारंवार उतरत गेली, किंवा मधुमेह बरींच वर्षें मुरला, कीं ॲड्रेनलिनचें उत्तर क्षीण होतें. कंप नाहीं, धडधड नाहीं. मनुष्य एकदम बरळूं लागतो, विनाकारण चिडतो, आणि घरचीं माणसें त्याच्या स्वभावाला दोष देतात! रक्तदाबावरील कांहीं गोळ्याहि धडधड व कंप झांकून टाकतात. घाम तेवढा उरतो. समाधान इतकेंच कीं, कांहीं आठवडे साखर उतरूं न दिल्यास हरपलेली जाग बरीचशी परत येते. त्यासाठीं इन्शुलिनचें प्रमाण डॉक्टरांकडूनच बदलून घ्यावें. उपासाच्या दिवसाचा बेतहि आधींच विचारावा.

अशा प्रसंगीं साताऱ्याचा कंदी पेढा जवळ असला तरी तो कामाचा नव्हे. खव्यांतील स्निग्धांशामुळें त्यांतील साखर रक्तांत उशिरा पोंचते. तीन लहान चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी. सांगलीच्या पेठेंतील गुळाचें पाणीहि चालेल. उन्हांतून आलेल्या पाहुण्यास गूळपाणी देण्याची रीत येथें अनायासें उपयोगी पडते. १५ मिनिटांनीं साखर पुन्हां मोजावी, उतरलेलीच असल्यास तेवढेंच पुन्हां द्यावें, आणि मग जेवावयास घालावें. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहींएक न घालतां रोग्यास कुशीवर निजवावें व ताबडतोब रुग्णालय गांठावें.