‘त्रेपन्न’ की ‘पन्नास तीन’? उत्तर शोधणारी विद्याशाखा

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेपन्न’च्या जोडीला ‘पन्नास तीन’ असे संख्यावाचन आले आणि महाराष्ट्रात रान उठले. वाद विधिमंडळापर्यंत गेला. दशक आधी म्हटल्याने मुलांना संख्या सोपी जाते, असे गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर आणि समर्थक सांगत होते. विरोधकांना ही मराठीची मोडतोड वाटत होती. पण मुलाच्या डोक्यात ५३ ही संख्या नेमकी कशी उतरते, हा मूळ प्रश्न गणितज्ञाचा, भाषावैज्ञानिकाचा, मानसशास्त्रज्ञाचा की शिक्षकाचा? एकट्या कोणाचाच नाही. असे प्रश्न हाताळणारी विद्याशाखा म्हणजे कॉग्निटिव्ह सायन्स, मराठीत बोधनविज्ञान. तिचे पदव्युत्तर शिक्षण म्हणजे चार विषयांची भेळ, असा समज आहे. प्रत्यक्षात वादाचा मुद्दा तपासण्याजोगा कसा करायचा, याचे ते शिक्षण आहे.

या प्रश्नावर जगात झालेले काम पाहिले की हे पटते. चिनी भाषेत अकराला ‘दहा-एक’ म्हणतात. केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली चिनी आणि अमेरिकी बालकांच्या मोजणीची तुलना केली, तेव्हा दहापर्यंत दोघांत फरक नव्हता. अकरापासून पुढे अमेरिकी मुले मागे पडली. यावर रास्त शंका अशी, की हा परिणाम भाषेचा कशावरून? चिनी घरांतल्या शिस्तीचा का नसेल? म्हणून वेल्समधला अभ्यास मोलाचा ठरतो. तिथे वेल्श आणि इंग्रजी या दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत, अभ्यासक्रम आणि परिसर बराचसा सारखा आहे. पण वेल्श संख्यानामे नियमित आहेत. अ‍ॅन डाउकर आणि सहकाऱ्यांना २००८ साली आढळले, की वेल्श माध्यमाची मुले दोन अंकी संख्यांचे वाचन आणि तुलना यांत सरस होती, मात्र एकूण अंकगणितात तसा फरक नव्हता. म्हणजे संख्यानामांचा परिणाम खरा आहे, पण मर्यादित आहे. आपल्याकडच्या वादात दोन्ही बाजूंना थोडे नमते घ्यायला लावणारे हे उत्तर आहे.

मराठीसाठी असा अभ्यास आखायचा तर बेळगावसारखे शहर सोयीचे: एकाच गावात मराठी आणि कन्नड माध्यमाच्या शाळा, आणि कन्नडमध्ये दशक आधी येते. पण त्यासाठी दोन्ही भाषांची रचना कळायला हवी, मुलांना न दमवता चाचणी घेता यायला हवी, घरची परिस्थिती आणि भाषा यांचे परिणाम संख्याशास्त्राने वेगळे करता यायला हवेत. आयआयटी गांधीनगर, कानपूर, दिल्ली किंवा २००२ साली सुरू झालेले अलाहाबाद विद्यापीठाचे केंद्र अशा ठिकाणी एम.एस्सी. वा पीएच.डी. करणाऱ्याने ही कौशल्ये कमवावीत, अशी अपेक्षा असते.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला विद्याशाखेच्या अस्तित्वावरच आहे. मानसशास्त्र, भाषाविज्ञान, तत्त्वज्ञान, मेंदूविज्ञान, मानववंशशास्त्र आणि संगणकशास्त्र यांचे एकसंध शास्त्र घडेल, अशी १९७० च्या दशकात आशा होती. ती फळली नाही, मानसशास्त्रानेच बाकीच्यांना झाकून टाकले, असे राफाएल नुन्येस आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली आकडेवारीनिशी मांडले. टीका मान्य केली तरी तिच्यातून एवढेच निघते, की या विषयांचा एकच सिद्धान्त तयार झाला नाही. संख्यानामांसारखे प्रश्न त्यामुळे एका विषयाच्या चौकटीत मावू लागत नाहीत. दुसरा आक्षेप नोकरीचा. या पदवीला बांधलेल्या जागा भारतात थोड्याच आहेत, हे खरे. पण प्रयोग आखणे आणि विदेचे विश्लेषण ही कौशल्ये शिक्षण, आरोग्य आणि सॉफ्टवेअर या क्षेत्रांतही उपयोगी पडतात. मात्र ती खरोखर हातात असतील तरच. नुसत्या पदवीच्या नावावर कोणी विचारणार नाही.

म्हणून इकडे वळू पाहणाऱ्यांनी संस्थेचे नाव पाहण्याआधी तिथे कोणत्या प्रश्नांवर काम चालते ते वाचावे. संख्याशास्त्र किंवा प्रोग्रॅमिंग यांपैकी एक तरी गोष्ट पक्की करावी. आणि आपल्या भाषेतले, आपल्या शाळांमधले प्रश्न सोबत न्यावेत. ते दुसरे कोणी आपल्यासाठी सोडवणार नाही.