छोटा जनरेटर, गाडीवरचा एसी आणि रात्रीची झोप

(जव्हार येथे घरगुती निवास आणि तंबू-निवास चालवणाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या अंगणात किंवा शेताच्या कडेला शनिवार-रविवारी मुंबई-नाशिकच्या गाड्या उभ्या राहतात. पूर्वी पाहुणे तंबू घेऊन यायचे. आता गाडीतच बिछाना, गाडीतच शेगडी आणि टपावर एसी. आपल्या राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं, पण त्याची वाट न बघता लोकांनी आधीच टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीटा काढून घरं केली होती. दाभोसा बघायचा, हनुमान पॉइंटला जायचं, दुसऱ्या दिवशी मोखाड्याकडून सूर्यमाळ, देवबांध, आणि रात्री जिथे जागा मिळेल तिथे मुक्काम. अशा गाडीच्या मागच्या बाजूला बहुधा एक सुटकेसएवढा पेट्रोल जनरेटर असतो. आजचं बोलणं त्या सुटकेसबद्दल.

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा: "सर, जनरेटर दोन किलोवॅटचा आहे, एसी बाराशे वॅटचा. आठशे वॅट शिल्लक राहतात. मग जनरेटर एसी उचलत का नाही?"

वजाबाकी बरोबर आहे. फक्त ती एसी चालू झाल्यानंतरची आहे.

आधी एक छोटी गोष्ट सांगतो, कारण एसीच्या दुकानात आपण रोज हा शब्द वापरतो. एक टनाचा एसी म्हणजे काय? त्याचं वजन टनभर नसतं! (हशा) यंत्रं नव्हती तेव्हा गारवा बर्फाने मोजायचे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता बाहेर फेकणारं यंत्र म्हणजे एक टनाचं. हा अमेरिकेतला टन, म्हणजे ९०७ किलो. हिशेब केला तर साडेतीन किलोवॅट उष्णता होते. आता गंमत बघा, साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढायला वीज लागते सव्वा किलोवॅटच्या आत. एसी गारवा तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकणारा हमाल आहे. आणि हमालाला ओझं नेण्यापेक्षा ते पहिल्यांदा डोक्यावर घ्यायला जास्त जोर लागतो.

तसंच एसटीचं. विक्रमगडकडून घाट चढताना चालत्या गाडीला फार त्रास नसतो. पण मधेच चढावर थांबली, आणि ड्रायव्हरला तिथून उठवायची असली, की इंजिनाचा आवाज ऐका. कॉम्प्रेसरची मोटर अशीच. चालताना ती पाच-सहा अँपिअर घेते. पण थांबलेली मोटर उठताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट खेचते, म्हणजे पंचवीस-तीस अँपिअर. महावितरणच्या तारेला त्याचं काही वाटत नाही, घरातला दिवा एकदा मिचकतो आणि संपलं. आपल्या सुटकेसमध्ये मात्र २००० वॅट हा आकडा थोड्या वेळापुरता असतो. कायमचा आकडा पाहायला स्टिकर नीट वाचा, तो १६०० च्या आसपास असतो. म्हणजे सात अँपिअर. सात अँपिअरवाल्याकडे तीस मागितले, की तो लाल दिवा लावून हात वर करतो. साधा जुन्या पद्धतीचा जनरेटर असेल तर तो हात वर करत नाही, त्याचा व्होल्टेज कोसळतो, कॉम्प्रेसर फिरत नाही, नुसता गुंगुं करत तापतो. हे जास्त वाईट, कारण त्यात कॉम्प्रेसर जळतो.

काही जण म्हणतात, सकाळी चालू झाला, दुपारी नाही झाला, मशीनच खराब आहे. मशीन बहुतेक वेळा ठीक असतं. कॉम्प्रेसर बंद झाला की त्याच्या दोन बाजूंचा गॅसचा दाब सारखा व्हायला साधारण तीन मिनिटं लागतात. त्याआधी बटण दाबलं तर मोटरला दाबाविरुद्ध उठावं लागतं. तीन मिनिटं थांबा, एवढाच उपाय. पाहुण्यांच्या मुलांच्या हातात रिमोट असतो हे मला माहीत आहे.

त्यात आपलं गाव डोंगरावर. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर, सूर्यमाळ त्याहून उंच. वर हवा विरळ होते, आणि अशा छोट्या इंजिनाची ताकद दर तीनशे मीटरला तीनेक टक्क्यांनी उतरते. एप्रिलमधली दुपार असेल तर गरम हवेमुळे आणखी थोडी. म्हणजे १६०० चे झाले साडेचौदाशे-पंधराशे. उलट त्याच दुपारी एसीला तापलेल्या हवेत उष्णता फेकायची असते, म्हणून त्याचे बाराशे वाढून तेराशेच्या वर जातात. दोन्ही आकडे एकमेकांकडे सरकतात. मुंबईत पार्किंगमध्ये चाचणी करून आलेली गाडी इथे येऊन का रुसते, ते यात आहे.

मग करायचं काय? इथे एक शब्द सोडवून घेऊ, कारण दुकानदारही त्यात गोंधळ घालतात. इन्व्हर्टर. घरात बॅटरीवर चालतो तो एक इन्व्हर्टर. दुसरा इन्व्हर्टर जनरेटर, म्हणजे ही सुटकेस, जी इंजिनाची वीज आधी सरळ करून मग पुन्हा नीट घडवते, त्यामुळे इंजिन गरजेनुसार हळू किंवा जोरात चालू शकतं. आणि तिसरा इन्व्हर्टर एसी, ज्याचा कॉम्प्रेसर एकदम पूर्ण वेगाने उठत नाही, हळूहळू वेग घेतो. तिघांचं आडनाव एक, घराणी वेगळी. तुमच्या उपयोगाचा तिसरा. इन्व्हर्टर एसी सुरुवातीला दोन-तीन अँपिअरच मागतो आणि मग चढतो. त्याला झटकाच नाही. नवीन गाडी बांधणाऱ्याने दुसरा विचारच करू नये, असं माझं मत आहे.

जुना एसी काढायचा नसेल तर सॉफ्ट स्टार्टर नावाचा एक डबा मिळतो. तो कॉम्प्रेसरला हळू उठवतो आणि सुरुवातीचा झटका साठ-सत्तर टक्क्यांनी कमी करतो, असं बनवणारे सांगतात. तीस अँपिअरचे दहा-बारा झाले. तरी दोन किलोवॅटच्या सुटकेसला ते काठावरचंच आहे, तीनची असेल तर निश्चिंत. आणि एसी लावताना जनरेटरचं इको बटण बंद ठेवा. इकोवर इंजिन पेंगत असतं, झटका आला की त्याला जागं व्हायला वेळ लागतो.

वायरबद्दल एकच हिशेब. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तीस मीटर वायर, जी आपण मांडवात दिवे लावायला वापरतो, तिच्यात तीस अँपिअरच्या झटक्याला बत्तीसेक व्होल्ट वाटेतच जिरतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत तेरा-चौदा. मी लांबीचा एवढा आग्रह का धरतोय ते पुढे कळेल. लांब वायर लागणारच आहे, म्हणून ती जाड घ्या.

आता समजा, हे सगळं जमलं. इन्व्हर्टर एसी बसवला, जाड वायर घेतली, पाच लिटरचा पेट्रोलचा कॅन जवळ ठेवला. जनरेटर इतका मऊ आवाजात चालतोय की शेजारच्या पाड्यावरचं कुत्रंही भुंकत नाही. पाहुणे काचा लावून झोपले.

इथून माझं खरं बोलणं सुरू होतं.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळच्या कोझिकोड जिल्ह्यात, वडकरा इथे, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. अंगावर जखम नाही, झटापट नाही. एसीसाठी जनरेटर चालू ठेवून ते थांबले होते. पुढे एनआयटीच्या तज्ज्ञांनी त्याच गाडीत चाचणी घेतली, आणि जनरेटरचा धूर तळातल्या भोकातून आत आल्याचं निष्पन्न झालं. कार्बन मोनॉक्साइड.

पूर्वीचा जनरेटर आठवा. लग्नातला, वर्गणीच्या गणपतीतला. तो इतका ओरडायचा आणि इतका धूर टाकायचा की आपणच त्याला बांधाच्या पलीकडे नेऊन ठेवायचो. आवाजाने आपल्याला वाचवलं, असं म्हणायला हरकत नाही. नवी सुटकेस हलकी आहे, शांत आहे, देखणी आहे. म्हणून ती गाडीच्या जवळ येते. मग गाडीच्या खाली, आणि चोरीच्या भीतीने डिकीत. पण तिच्या सायलेन्सरमधून येणारा वायू तोच आहे. आणि त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. एकदा चिकटला की ऑक्सिजनला बसायला जागाच नाही.

दुसरी चूक एसीबद्दलची. "एसी चालू होता, मग हवा खेळती नव्हती का?" नव्हती. गाडीवरचा एसी बहुतेक करून आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. एखाद्या भोकातून विषारी वायू आत आला तर एसी तो सगळ्यांना सारखा वाटतो.

आणि तिसरी गोष्ट आपल्या भागापुरती. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, ओकारी, ही या विषबाधेची पहिली लक्षणं. तोरंगणचा घाट उतरून आलेला माणूस काय म्हणेल? "गाडी लागली." लिंबू चोखेल आणि झोपेल. म्हणून ओळखायचं कसं ते लक्षात ठेवा. गाडी उभी राहून तास-दोन तास झालेत, जनरेटर चालू आहे, आणि एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखतंय, तर ते घाटाचं काम नाही. दारं उघडा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा, जनरेटर बंद करा आणि १०८ ला फोन करा. बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या, जव्हारला उपजिल्हा रुग्णालय, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय. तिथे गेल्यावर जनरेटरचा धूर लागला असं आधी सांगा, म्हणजे ऑक्सिजन लावायला वेळ जाणार नाही.

जनरेटर ठेवायचा गाडीपासून किमान सहा मीटर, वीस फूट. सायलेन्सरचं तोंड गाडीकडे नाही, तंबूकडे नाही, तुमच्या घराच्या पडवीकडेही नाही. वारा गाडीकडून जनरेटरकडे जाईल असा. आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत झोपण्याच्या जागेजवळ. मी तर म्हणतो तुम्हीच एक विकत घेऊन ठेवा आणि मुक्कामी गाडीला द्या, चादर देता तसा.

थोडे प्रश्न घेऊ.

प्रश्न : पावसात काय करायचं? उघड्यावर ठेवला तर भिजेल.

भिजला तर शॉक लागू शकतो, तुमचं बरोबर आहे. आणि म्हणूनच जव्हारच्या पावसात लोक तो गाडीच्या छत्रीखाली किंवा ओट्यावर आणतात. तिथेच घात होतो. दूर, चारही बाजूंनी उघडं असं पत्र्याचं छोटं छप्पर करा, कायमचं. ते जमत नसेल तर त्या रात्री जनरेटर नको. तसंही पावसात आणि धुक्यात इथे एसी कशाला हवा, हे मला कुणीतरी समजावून सांगा. (हशा) उन्हाळ्यातही सूर्य मावळल्यावर इथली हवा मुंबईसारखी चिकट राहत नाही. दुपारी गाडी आंब्याच्या सावलीत लावली आणि काचांना आतून चकचकीत पडदे लावले, तर रात्री पंख्यावर भागतं.

प्रश्न : आमच्या घराच्या मीटरवरून गाडीला वीज दिली तर?

उत्तम. स्वतंत्र एमसीबी, अर्थिंग तपासलेलं आणि सोळा अँपिअरचा सॉकेट, एवढं एखाद्या लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घ्या आणि त्याचे पैसे पाहुण्याकडून घ्या. त्याला परवडतं. एक लिटर पेट्रोलमधून सुटकेस दीड-दोन युनिट देते, आणि पेट्रोल शंभरीच्या पुढे आहे. म्हणजे युनिटला पन्नास-साठ रुपये तो स्वतःहून जाळतोय. फक्त उलटं कधी करू नका. लाइट गेली म्हणून पाहुण्याचा जनरेटर दोन्ही बाजूंना पिना लावलेल्या वायरीने तुमच्या घराच्या सॉकेटमध्ये खुपसू नका. ती वीज मीटरमधून मागे तारेवर जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनला लागते.

प्रश्न : कोरोनात घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. त्यावर कळेल ना?

नाही. चांगला प्रश्न विचारलात. ते यंत्र बोटातून लाल उजेड पाठवून रक्ताचा रंग बघतं, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनवाल्या रक्तासारखंच लालभडक दिसतं. माणूस बेशुद्ध पडत असताना ते अठ्ठ्याण्णव दाखवू शकतं. आकडा चांगला दिसला तरी माणसाला बाहेर काढा.