कोरियातील अपुरी शस्त्रसंधी आणि जनरल थोरात

कोरियाच्या द्वीपकल्पातील तोफा २७ जुलै १९५३ रोजी थांबल्या, परंतु कायद्याच्या अर्थाने ते युद्ध आजही संपलेले नाही. कारण त्या दिवशी पानमुनजोम येथे ज्या कागदावर सह्या झाल्या तो शस्त्रसंधीचा, म्हणजे केवळ लढाई थांबवण्याचा लष्करी करार होता, आणि वैर कायमचे मिटवणारा शांततेचा तह त्यानंतर कधीच झाला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सेनेच्या वतीने अमेरिकी सेनापती मार्क क्लार्क, उत्तर कोरियाचे किम इल-सुंग आणि चिनी स्वयंसेवक सेनेचे पेंग दहुआई यांनी या करारास मान्यता दिली. दक्षिण कोरियाने मात्र सही केली नाही. अमेरिका व दक्षिण कोरिया यांची लष्करी युती आणि उत्तर कोरियाची अण्वस्त्रे यांविषयीच्या बातम्या बहुधा नेत्यांच्या लहरी स्वभावाच्या अंगाने सांगितल्या जातात, पण या प्रश्नाचे मूळ त्या अर्धवट राहिलेल्या करारात शोधणे अधिक योग्य ठरते. त्या करारातील सर्वांत नाजूक काम, युद्धकैद्यांचे, ज्या भारतीय दलाने पार पाडले त्याचे नेतृत्व कोल्हापूर भागातील वडगावचे मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांच्याकडे होते, हे महाराष्ट्रात फारसे कोणाच्या स्मरणात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, जपानी सैन्याची शरणागती स्वीकारण्याच्या सोयीसाठी ३८ अक्षांशावर कोरियाचे दोन भाग करण्यात आले आणि १९४८ मध्ये तेथे दोन स्वतंत्र सरकारे उभी राहिली. २५ जून १९५० रोजी उत्तरेच्या सैन्याने दक्षिणेवर स्वारी केली, तेव्हा अमेरिकेच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांची सेना मदतीस धावली. भारताने लढाऊ सैन्य न पाठवता ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठवले. अमेरिकी सैन्याने ३८ अक्षांश ओलांडल्यास चीन युद्धात उतरेल, असा इशारा चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी पेकिंगमधील भारतीय राजदूत सरदार पणिक्कर यांच्यामार्फत ऑक्टोबर १९५० मध्ये दिला होता. वॉशिंग्टनने तो मनावर घेतला नाही, आणि काही आठवड्यांतच चिनी फौजा यालू नदी ओलांडून आल्या.

शस्त्रसंधीच्या वाटाघाटी जुलै १९५१ मध्ये सुरू झाल्या, परंतु पुढे वर्षाहून अधिक काळ त्या युद्धकैद्यांच्या प्रश्नावर अडून राहिल्या. लढाई संपताच कैद्यांना मायदेशी परत पाठवावे, असे १९४९ चा जिनिव्हा करार सांगत होता, तर परत जाण्यास नकार देणाऱ्या कैद्यावर सक्ती करू नये, असा अमेरिकेचा आग्रह होता. भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन यांनी मांडलेल्या आणि डिसेंबर १९५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मंजूर झालेल्या ठरावातून यावर मार्ग निघाला: असे कैदी तटस्थ राष्ट्रांच्या ताब्यात द्यावेत, त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींनी त्यांना समजावून सांगावे आणि मग प्रत्येकाने आपला निर्णय स्वतः घ्यावा. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना तर शस्त्रसंधीच नको होती; १८ जून १९५३ रोजी त्यांनी सुमारे २७ हजार कैद्यांना परस्पर छावण्यांतून निसटू दिले आणि सगळी बोलणी फिसकटण्याची वेळ आणली. त्यांनी शस्त्रसंधीत मोडता घालू नये म्हणून अमेरिकेने जी किंमत मोजली ती म्हणजे परस्पर संरक्षणाचा करार. १ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यावर सह्या झाल्या आणि आजची युती त्यातूनच उभी राहिली. तिच्या जन्मापाशी मैत्रीइतकाच परस्परांविषयीचा संशयही होता, हे लक्षात घेतल्यावाचून तिच्यातील पुढचे ताण नीट कळत नाहीत.

परत जाण्यास नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियाई कैद्यांची, आणि दुसऱ्या पक्षाकडील अशा ३५९ जणांची, राखण भारतीय अभिरक्षक दलाकडे आली. निर्णयाचे काम पाहणाऱ्या तटस्थ राष्ट्र आयोगाचे अध्यक्ष भारताचेच जनरल थिमय्या होते. थिमय्या आणि थोरात हे जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडमधील दोन पलटणींचे प्रमुख म्हणून लढले होते. थोरातांच्या दलात २ पॅरा (मराठा) ही पलटणही होती. भारताची तटस्थता ऱ्हींना साम्यवाद्यांच्या बाजूची वाटत असल्याने भारतीय जवानांनी दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाऊलही ठेवू नये, अशी त्यांनी अट घातली; परिणामी इंचॉनच्या समुद्रात आलेल्या जवानांना अमेरिकी हेलिकॉप्टरांनी थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. हा पट्टा म्हणजे दोन्ही सैन्यांच्या मधली सुमारे चार किलोमीटर रुंदीची भूमी.

कैद्यांच्या छावण्यांत काटेरी तारांच्या आत संघटित, कट्टर गटांचे राज्य होते आणि परत जाऊ इच्छिणाऱ्या कैद्याचा त्याच्याच सोबत्यांकडून खून होण्याचे प्रकारही घडत. सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी भारतीय दलातील मेजर ग्रेवाल यांना ओढून आत नेले व ओलीस धरले. बळ वापरले असते तर शेकडो माणसे मेली असती आणि शस्त्रसंधीही धोक्यात आली असती. थोरात स्वतः त्या संतप्त जमावात शिरले, त्यांच्याशी बोलत राहिले, आणि आपल्या अधिकाऱ्याला सुखरूप बाहेर घेऊन आले. या प्रसंगातील धैर्यासाठी त्यांना अशोक चक्र, वर्ग दुसरा, म्हणजे आजचे कीर्ती चक्र मिळाले. पुढे समजावणीसाठी तंबू उभारण्यात आले. कैद्याने प्रतिनिधीचे म्हणणे ऐकायचे आणि एका दाराने मायदेशाकडे किंवा दुसऱ्या दाराने पुन्हा छावणीकडे जायचे, अशी ती योजना होती. ठरलेल्या ९० दिवसांपैकी जेमतेम दहा दिवसच हे काम झाले आणि सव्वासहाशेच्या आसपास कैदीच परत गेले. कोणत्याही देशाकडे न जाता तटस्थ भूमी मागणारे ८८ जण फेब्रुवारी १९५४ मध्ये भारतीय दलाबरोबर भारतात आले.

कैद्यांचे काम संपले, परंतु कायमच्या शांततेसाठी व्हायच्या राजकीय परिषदेचे काम तडीस गेले नाही. १९५४ च्या जिनिव्हा परिषदेत कोरियावर एकमत झाले नाही. नवी शस्त्रे आणू नयेत, हे शस्त्रसंधीचे कलम अमेरिकेने १९५७ मध्ये आपल्यावर बंधनकारक नसल्याचे जाहीर केले, आणि १९५८ पासून १९९१ पर्यंत दक्षिण कोरियात अमेरिकी अण्वस्त्रे तैनात राहिली. १९७० च्या दशकात दक्षिण कोरियाने स्वतःचा अण्वस्त्र कार्यक्रम हाती घेण्याचा प्रयत्न केला, तो अमेरिकेनेच दबाव आणून थांबवला. त्याबदल्यात जे आश्वासन राहिले त्याला आण्विक छत्र म्हणतात: मित्रावर हल्ला झाल्यास आपल्या अण्वस्त्रांनी उत्तर देऊ, ही हमी.

उत्तर कोरियाने १९८५ मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करारात प्रवेश केला, पण योंगब्योन येथील अणुभट्टीतून प्लुटोनियम वेगळे काढण्याच्या संशयावरून १९९४ मध्ये युद्धाची वेळ आली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर प्योंगयांगला गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिनिव्हात समझोता झाला: भट्टी बंद ठेवायची, बदल्यात दोन अणुवीज भट्ट्या आणि दरवर्षी पाच लाख टन इंधन तेल मिळवायचे. २००२ मध्ये तो कोसळला, आणि ९ ऑक्टोबर २००६ रोजी उत्तर कोरियाने पहिली अणुचाचणी केली. २०१७ पर्यंत सहा झाल्या. सिंगापूर (२०१८) व हानोई (२०१९) येथील अमेरिका व उत्तर कोरिया यांच्या शिखर भेटींत निर्बंध उठवणे आणि अण्वस्त्रे सोडणे यांपैकी आधी काय, हा जुना पेच सुटला नाही, आणि शांततेचा तह नसल्यामुळे प्रत्येक बाजू दुसऱ्याच्या पहिल्या पावलाची वाट पाहत राहिली. एप्रिल २०२३ च्या वॉशिंग्टन जाहीरनाम्यात अमेरिकेने आण्विक सल्लामसलतीसाठी गट स्थापन केला आणि दक्षिण कोरियाने स्वतःची अण्वस्त्रे न करण्याचा शब्द पुन्हा दिला. २०२४ मध्ये उत्तर कोरियाने रशियाशी परस्पर साहाय्याचा करार केला.

या युतीचा आर्थिक चेहरा पुणे जिल्ह्यातील मावळातही दिसतो. तेथील तळेगाव औद्योगिक क्षेत्रात २००८ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने मोटारींचा कारखाना उभारला. तेथे बनणाऱ्या छोट्या शेव्हरोले मोटारींची रचना त्या कंपनीच्या कोरियातील शाखेने, पूर्वीच्या देवूने, केलेली होती. २०२० च्या अखेरीस उत्पादन थांबले, आणि २०२३ मध्ये तो कारखाना घेण्याचा करार कोरियाच्या ह्युंदाईने केला. या ह्युंदाईचे मुख्यालय असलेले सोल शहर निर्लष्करी पट्ट्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर, उत्तरेच्या लांब पल्ल्याच्या तोफांच्या टप्प्यात आहे, आणि तेथे भडका उडाल्यास त्याचा पहिला आघात सोलवर आणि दुसरा तळेगाव, रांजणगाव, माणगाव येथील कोरियाई कारखान्यांत काम करणाऱ्या कुटुंबांवर होईल.