खुकरीच्या पाठीवरची अक्षरे

जुन्या लष्करी सुऱ्या-खंजिरांचा संग्रह करू पाहणारा माणूस बहुधा भलत्याच टोकाने सुरुवात करतो. त्याला हवी असते नक्षीदार, दुर्मीळ, कुण्या वीराच्या कमरेला असलेली वस्तू. विकणाऱ्याकडे ती असतेच, आणि तिच्यासोबत एक गोष्टही असते. खरे तर पैसे गोष्टीचेच मोजले जातात, पाते वरकड मिळते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. पहिली वस्तू अशी घ्यावी की जिच्याबद्दल जास्तीत जास्त बाबी स्वतःला पडताळता येतील, मग ती दिसायला कितीही साधी असो. आपल्याकडच्या माणसाला त्या दृष्टीने गुरखा सैनिकाच्या खुकरीइतकी सोयीची वस्तू क्वचितच मिळेल.

गोष्टीवर किती विसंबावे, याचे उदाहरण घरचेच आहे. २०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेलेली वाघनखे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून आली. ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे होती, त्याच्या वंशजांकडून म्युझियमला मिळाली आणि ती शिवाजी महाराजांची असल्याचा मजकूर सोबतच्या पेटीवर आहे. एवढे असूनही, प्रतापगडाखाली वापरलेली वाघनखे हीच, याची खातरजमा करता येत नाही असे ते म्युझियम स्वतः सांगते. कारण १६५९ पासून ग्रँट डफपर्यंतच्या सुमारे १६० वर्षांचा दुवा हाती नाही. ज्या वस्तूची नंतरची मालकी नावानिशी माहीत आहे तिची ही स्थिती, तर ‘अमुक सरदाराची कट्यार’ म्हणून दुकानात पुढे केली जाणारी वस्तू कशाच्या बळावर उभी असते?

खुकरीचे तसे नाही. १८१४ ते १८१६ च्या नेपाळ युद्धात इंग्रजांची तिच्याशी गाठ पडली आणि युद्ध संपण्याआधीच, १८१५ मध्ये, कंपनीने गुरख्यांची भरती सुरू केली. तिथून लष्करी खुकरीच्या दोन वाटा झाल्या. एक नेपाळ दरबारच्या फौजेची, दुसरी हिंदुस्थानातल्या गुरखा पलटणींची. नेपाळी फौजेची जुनी खुकरी उजेडात तिरपी धरली की पात्याच्या जाड पाठीवर कोरलेली अक्षरे दिसू लागतात, आणि ती देवनागरीत असतात. ‘श्री ३’ हा राणा पंतप्रधानांचा किताब, कधी चंद्र शमशेर यांच्या नावाचा उल्लेख, पलटणीचे नाव, क्रमांक. परदेशी संग्राहक त्यासाठी जाणकार शोधत फिरतो. आपण चष्मा लावून वाचू शकतो. सावध राहायचे ते सालाबाबत. साल असले तर ते विक्रम संवत असते, त्यातून ५६-५७ वजा केल्याशिवाय इसवी सन निघत नाही. चंद्र शमशेर १९०१ ते १९२९ सत्तेवर होते, तेव्हा नाव आणि साल एकमेकांशी ताडून पाहता येते.

२००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा दोन परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि एकाच ठिकाणाहून आलेल्या हजारो खुकऱ्या बाजारात उतरल्या. दुर्मिळतेच्या भक्तांनी नाके मुरडली असतील. मला मात्र यात नवख्याचा फायदाच दिसतो: ताडून पाहायला शेजारी दुसरी, तिसरी, दहावी खुकरी असेल तरच आपल्या हातातलीत काय वेगळे आहे ते कळते.

ठसेही खोटे मारता येतात, हा आक्षेप रास्त आहे. ब्रिटिश कमांडोंच्या फेअरबेर्न-साइक्स खंजिराचे पाहा. विल्किन्सन कंपनीने १९४० च्या अखेरीस तो बनवायला घेतला. सुरुवातीच्या खंजिरांची आडमूठ इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली आहे, ते थोडे आहेत, महाग आहेत आणि म्हणून त्यांच्या नकलाही होतात. पण ठसा एकटा साक्ष देत नसतो. पहिल्या महायुद्धातल्या सरकारी मार्क दोन खुकरीवर साल आणि सरकारी बाणाचा ठसा असतो, त्याचबरोबर पात्याचे लोखंड मुठीच्या टोकापर्यंत सलग जाते आणि लाकडाच्या दोन फाकी त्याला रिव्हेटने जखडलेल्या असतात. गावच्या लोहाराच्या खुकरीत पात्याचे निमुळते शेपूट मुठीत घुसवून डिंका-लाखेने बसवलेले असते. अशा मुठीच्या पात्यावर १९१७ चा सरकारी ठसा दिसला, तर दोघांपैकी एक खोटे बोलते आहे. खोट्या ठशाला एवढे सगळे सांभाळावे लागते. खोट्या गोष्टीला काहीच नाही.

गोष्टींचा विषय निघाला आहे तर सर्वांत खपाऊ गोष्टीचेही पाहू. म्यानातून निघालेली खुकरी रक्त चाखल्याशिवाय परत जात नाही, म्हणे. ज्या हत्याराने नेपाळी माणूस सरपण फोडतो, झुडपे छाटतो, बोकड कापतो, त्याला हा नेम कसा परवडेल? शस्त्रे जमवणे म्हणजे हिंसेचे कौतुक, असे म्हणणाऱ्यांचा रोखही खरे तर अशा दंतकथांवर असायला हवा. पाठीवरचा पलटणीचा क्रमांक कौतुक करत नाही. ही वस्तू कुठल्याशा कोठारात नोंदली गेली होती, इतकेच तो सांगतो.

साल ठरवण्याला कायद्याचीही बाजू आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १९१७ ची खुकरी आज त्या कक्षेत येते, १९४३ ची येत नाही. शस्त्र कायद्याखालच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांमध्ये खुकरीचे नाव घेऊनच उल्लेख आहे, मात्र धारदार शस्त्रांना परवाना लागतो तो केंद्राने अधिसूचित केलेल्या भागांतच. आपला भाग त्यात येतो का, हे खरेदीआधी पोलिसांकडे विचारावे, आणि पिशवीत घालून मित्रांना दाखवत फिरू नये.

राहता राहिली निगा. चामडी म्यानात पाते ठेवले की आपल्याकडच्या पावसाळ्यात ते गंजते, म्हणून म्यान वेगळे, पाते वेगळे आणि पात्यावर तेलाचा पातळ हात. गंज दिसला तरी पॉलिश पेपर हातात घेऊ नये. झळाळणारे जुने पाते दुकानात दिसले तर भाव विचारण्याआधी पाठीवरून बोट फिरवावे. तिथे अक्षरांच्या जागी नुसता गुळगुळीतपणा लागला, तर पडताळण्याजोगे जे होते ते घासणाऱ्याने आधीच काढून टाकले आहे.