निमुळत्या पेल्याचं लेबल

इथे बेंगळुरूत आमच्या शेजारच्या वहिनी मसाला ताक विकतात. त्यांच्या कागदी पेल्यांसाठी मी हौसेनं लेबल केलं, सरळ आयताकृती. ३०० छापून आणली. चिकटवली तर नाव समोर सरळ, पण मागे दोन्ही टोकं काठाकडे चढलेली. पैसे वहिनींचे गेले, चूक माझी.

कारण सोपं आहे. एक कागदी पेला घ्या, तळ काढा, उभा जोड कापून सपाट करा. आयत नाही, पंखा दिसेल. लेबलही तसंच हवं.

मापं तीन घ्या: दुमडलेल्या काठाखालचा व्यास, तळाचा व्यास आणि बाजूला फूटपट्टी टेकवून तिरकी उंची. समजा ती ८०, ५६ आणि ९६ मिलिमीटर आहेत. व्यासांतला फरक २४.

बाहेरच्या कंसाची त्रिज्या: ९६ × ८० ÷ २४ = ३२०.
आतल्या कंसाची: ९६ × ५६ ÷ २४ = २२४.
पंख्याचा कोन: १८० × २४ ÷ ९६ = ४५ अंश.

आता इंकस्केपमध्ये एकाच केंद्रावर या त्रिज्यांची दोन वर्तुळं काढा आणि त्यांतला ४५ अंशांचा तुकडा ठेवा. मध्ये आणखी एक कंस काढून नाव ‘पुट ऑन पाथ’नं त्यावर बसवा. जोडासाठी एका बाजूला ८ मिलिमीटर जादा ठेवा.

छपाईआधी साध्या कागदावर १०० टक्के मापात एक प्रत काढा, कापा, पेल्याला गुंडाळून बघा. दुसऱ्या खेपेला मी हेच केलं. त्या छपाईचे पैसे अर्थात मीच दिले.