फेणीसाठी घरचं मसाला सिरप : एकतारी पाक नको, पातळच हवं

बाजारातलं तयार सिरप महाग पडतं. घरी तेच साखर, पाणी आणि डब्यातल्या मसाल्यात होतं. मात्र बहुतेकांचं बिघडतं ते दोन ठिकाणी : मसाला जास्त उकळतो, किंवा लाडवांसारखा एकतारी पाक होतो. मग ते थंड सोड्यात मिसळत नाही, ग्लासच्या तळाशी बसतं.

प्रमाण सोपं आहे. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, दोन इंच दालचिनी, 4 लवंगा, 4 ठेचलेले वेलदोडे, 6 मिरे आणि आल्याच्या 3-4 चकत्या. साखर विरघळली की मंद आचेवर 5 मिनिटं ठेवा आणि गॅस बंद करा. झाकून अर्धा तास मुरू द्या. लवंग जास्त उकळली की कडवट, तुरट चव उतरते. थंड झाल्यावर गाळून, उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत भरा. फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतं. गढूळ झालं, बुडबुडे आले किंवा आंबूस वास आला तर सरळ ओतून द्या.

60 मिली फेणीला 15 मिली सिरप, तेवढाच लिंबूरस, बर्फ आणि सोडा. उर्राक सौम्य, तिथे सिरप थोडं कमी. न पिणाऱ्यांसाठी हेच सिरप कोकमाच्या आगळात घालून, वरून थंड पाणी.

गोव्याहून बेळगाव किंवा सावंतवाडीला येताना एक लक्षात ठेवा : सिरपच्या बाटलीला कुणी अडवत नाही, फेणीला मात्र परवाना लागतो.